लिंबूटिंबूची पाळी

१

चौकशीच्या खिडकीत बावीस वर्षं बसलेल्या बाईला खेळायला कुणी बोलवत नाही. पावस गाडी लागली का, देवरूख किती वाजता, आणि बाई, संडास कुठे आहे, एवढंच लोक तिला विचारतात. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात भाचीचा फोन आला आणि ती म्हणाली, "आत्या, रोज दहा मिनिटं काढशील? एक खेळ खेळायचाय," तेव्हा मी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. माझ्याच.

आम्रपाली ही माझ्या थोरल्या भावाची, महेंद्रदादाची, मुलगी. पुण्यात एका कंपनीत असते. टेबलावर पुठ्ठ्याचा पट मांडून, चार माणसं भोवती बसून खेळायचे जे खेळ असतात, ते ही कंपनी मोबाईलवर आणते. आम्रपालीच्या वाट्याला आलेल्या खेळाचं नाव 'भरती'. बेटावर माणसं अडकली आहेत, पाणी चढतंय, दर फेरीला बेटाचे एकदोन चौकोन बुडतात आणि सगळ्यांनी बोटीच्या धक्क्यावर पोचायचं. कुणी कुणाला हरवायचं नाही. सगळे एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. एकजण जरी मागे राहिला तरी सगळे हरले.

"म्हणजे ग्रामसभेसारखं," मी म्हटलं.

"ग्रामसभेत सगळे एका बाजूला कधी असतात गो?" ती म्हणाली. पोरगी माझ्यावर गेलीय.

खेळ बाजारात येण्याआधी तो घरच्या माणसांकडून खेळवून घ्यायचा होता. तिघं होतो. ती पुण्यात, दादा लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टवर, आणि मी रत्नागिरीच्या स्टँडवर. दादाची सोंगटी लाल, तिची हिरवी, माझी निळी. एकाने आपला डाव खेळला की दुसऱ्याच्या फोनवर 'तुमची पाळी' असं यायचं. मग तो सवडीने खेळणार. मी दीडला डबा उघडायचे, डाव्या हातात भाकरी, उजव्या हाताच्या करंगळीने सोंगटी सरकवायचे. खिडकीवर 'जेवणाची वेळ' ही पाटी असूनही लोक काच वाजवत राहायचे.

पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक पाळीआधी दोघांना फोन करून सांगायचे, तू इकडे जा, तू तिथेच थांब, शहाणपणा करू नकोस. शेवटी आम्रपाली वैतागली.

"आत्या, प्रत्येक टेबलाला एक माणूस असा असतोच. सगळ्यांचे डाव तोच खेळतो. खेळ मोबाईलवर आणताना त्या माणसाला आवरायचं कसं, हेच माझं काम आहे."

तिने खेळातलं बोलणंच काढून टाकलं आणि पाच इशाऱ्यांची बटणं दिली. 'थांबा', 'इकडे या', 'मी येतो', 'मदत हवी', 'शाबास'. बावीस वर्षं माईकवरून आख्खा स्टँड हलवणाऱ्या बाईला पाच बटणं. घ्या.

२

पुढे जे झालं त्यात चूक असेल तर ती माझी. डिसेंबरात तिने विचारलं, "घरात लहान पोर असेल आणि मलापण खेळायचंय म्हणून रडत असेल तर काय करायचं? त्याच्यामुळे सगळे हरतील."

"मग लिंबूटिंबू घे की त्याला," मी पटकन म्हणाले.

तिला शब्द ठाऊक होता. आपल्याकडे कुठल्या पोराला नाही? शेंबडं पोर खेळायला मागतं. त्याला नाही म्हणवत नाही. मग त्याला घ्यायचं, पण तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याची गणती नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय, आणि मोठ्यांचा खेळ बिघडत नाही.

"आत्या, तू ग्रेट आहेस," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि उरलेली भाकरी डब्यात परत ठेवली. चव्वेचाळीस वर्षांत तो शब्द मी तोंडातून काढला नव्हता. आणि काढला तो असा, डबा खाता खाता.

चार दिवसांनी चौघांच्या त्या खेळात पाचवी जागा आली. पिवळी सोंगटी, बाकीच्यांच्या निम्मी. पाण्याने ती बुडत नाही, धक्क्यावर आली काय, न आली काय, निकालाला फरक पडत नाही. आम्ही तिघंही मोठी माणसं, त्यामुळे त्या जागेवर कुणीच नव्हतं. पिवळी सोंगटी धक्क्याच्या कडेला नुसती उभी असायची.

एका मंगळवारी दीड वाजता मी फोन उघडला आणि ती धक्क्यावर नव्हती.

३

"बग असेल गो, प्रोग्रॅममधली चूक," आम्रपाली म्हणाली. कोणती सोंगटी कधी कुठे गेली याची नोंद खेळ ठेवतो. तिने ती पुन्हा पुन्हा पाहिली. नोंद अशी होती: लिंबूटिंबू, दोन घरं उत्तरेला. लिंबूटिंबू, दोन घरं उत्तरेला. मग नुसतंच, लिंबूटिंबू, थांबला.

"त्या जागेला कुणाचा फोन जोडलाय?"

"कुणाचाच नाही. तेच तर."

आमचे आप्पा, भिवा गुरुजी, प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे, भूतखेत, काही म्हणजे काही नाही. भूत म्हणजे न तपासलेली गोष्ट, असं ते पोरांना सांगायचे. मी त्यांची मुलगी. मी तपासलं. फोन बंद करून चालू केला. खेळ काढून पुन्हा घातला. दादाचा हात चुकून लागतोय का ते विचारलं. प्रत्येक नव्या डावात बेटाचे चौकोन पत्त्यांसारखे पिसले जातात, माडाच्या जागी विहीर येते, विहिरीच्या जागी होडी. तरी पिवळी सोंगटी दर वेळी एकाच चौकोनावर जाऊन थांबायची. तो चौकोन कुठेही असो. त्याच्यावर जांभ्या चिऱ्यांची रचलेली थप्पी काढलेली होती.

"हे चित्र कुठून आणलंस?" मी आम्रपालीला विचारलं.

"इंटरनेटवर कोकणाचे फोटो बघून काढलं. का गो? चांगलं नाही आलंय?"

चांगलंच आलं होतं. थप्पीच्या मागे थोडी सावली होती, आणि पिवळी सोंगटी त्या सावलीत अर्धी झाकून उभी राहायची.

मग इशारे यायला लागले. इशारा आला की फोन टक्क असा आवाज करतो, दगडावर दगड ठेवल्यासारखा. स्टँडवर गाड्या मागे घेतायत, कंडक्टर शिट्ट्या मारतायत, शेंगदाणेवाला ओरडतोय, आणि त्या सगळ्यातून मला तेवढा टक्क ऐकू यायचा. लिंबूटिंबू: इकडे या. पाच बटणांपैकी त्याने दुसरं कुठलंच कधी दाबलं नाही.

आणि दादा जायचा. धक्का दोन घरांवर असताना वळायचा आणि त्या चिऱ्यांच्या दिशेने निघायचा. पाणी वाटेत त्याला गाठायचं. 'महेंद्र बुडाला. तुम्ही सगळे हरलात.' लागोपाठ अकरा डाव असे गेले.

४

बाराव्या डावाला मी नियम मोडून त्याला फोन केला. "दादा, तुला अक्कल आहे का? धक्का समोर होता."

"तो एकटा आहे ना तिकडे," दादा म्हणाला.

"तो कोण?"

"सीते," तो म्हणाला, "तुला माहीत आहे कोण."

मला माहीत होतं. आता सांगूनच टाकते, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आम्हाला एक धाकटा भाऊ होता. बाळा. पावसच्या अलीकडे कातळावर आमची वाडी, आणि वाडीच्या टोकाला चिऱ्याची खाण. काढलेले चिरे माणूसभर उंच थप्प्या लावून ठेवलेले असायचे, ट्रक येईपर्यंत. एक्याऐंशी सालचा ऑक्टोबर. शाळा सकाळची होती, आईआप्पा भात कापायला गेलेले. आम्ही सातआठ पोरं लपाछपी खेळत होतो. दादा अकराचा, मी नऊची, बाळा पाचाचा. राज्य दादावर होतं. त्याने सगळ्यांना शोधलं आणि मग खाणीकडे निघाला.

"कुठे चाललास?" मी ओरडले.

"बाळा राहिलाय."

"तो लिंबूटिंबू आहे. लिंबूटिंबूला शोधायचं नसतं. चल, दुसरा डाव लाव."

तेव्हाही सगळ्यांचे डाव मीच खेळायचे. आम्ही आणखी तीन डाव खेळलो. मग घरी जाऊन भात-कुळीथ जेवलो. दिवेलागणीला आईने विचारलं, बाळा कुठाय.

तिसऱ्या थप्पीच्या मागे होता. वरचे दोन चिरे घसरले होते. तीनेक तास तरी पोर जिवंत असेल, असं कंपाउंडरने आप्पांना हळू आवाजात सांगितलं, आणि मी दाराआडून ते ऐकलं. त्याने हाक मारली नसणार. लपलेल्याने आवाज करायचा नाही, एवढा एक नियम त्याला पाठ होता, आणि तो मीच त्याला शिकवला होता.

आप्पांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. श्राद्ध, पिंड आमच्यात नाहीच. तिसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि आप्पा शाळेत गेले. दादा एकोणिसाव्या वर्षी लोट्याला कामाला लागला तो वाडीवर रात्र काढायला कधी आलाच नाही. बाळाचा फोटो नव्हता. आम्रपालीला आपल्याला एक काका होता एवढंच माहीत आहे, नावसुद्धा नाही.

"दादा," मी फोनवर म्हणाले, "तो बग आहे. पोरगी म्हणाली."

"असेल," दादा म्हणाला. "मी बघून येतो."

५

आणि नेमकं त्याच महिन्यात दादाच्या पोटात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण दोन वर्षांपूर्वी त्याला हार्ट अटॅक येऊन गेला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गाठ काढणं सोपं आहे, गुंगीतून बाहेर येणं हीच परीक्षा. ऑपरेशन रत्नागिरीतल्या एका खाजगी इस्पितळात ठरलं, सोमवारी सकाळी. शनिवारी दादा आणि वहिनी माझ्याकडे, शहरालगतच्या नाचणे गावात आले, आम्रपाली पुण्याहून आली.

रविवारी सकाळी वहिनी आत घावणे घालत होती. तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज यायचा, मग झाकण. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत. किती वाळला होता. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. आम्रपालीने लॅपटॉप मिटला.

"लिंबूटिंबू काढून टाकलाय," ती म्हणाली. "पाचवी जागाच नाही आता. बाबा, तुम्ही हॉस्पिटलात जाण्याआधी एक तरी डाव जिंकूया."

तिघांनी फोन काढले. बेट उघडलं. लाल, हिरवी, निळी. मी सुस्कारा सोडला, आणि टक्क.

चिऱ्यांच्या थप्पीमागे पिवळी सोंगटी उभी होती.

आम्रपालीचा चेहरा पांढरा पडला. "हे चित्रच मी काढून टाकलंय," ती म्हणाली. "आत्या, शप्पथ. हे फोनमध्ये असूच शकत नाही." ती लॅपटॉप उघडायला गेली, आणि मग उघडलाच नाही, त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली. आतून वहिनीने विचारलं, चटणी ओली करू की सुकी.

दादाने 'मी येतो' हे बटण दाबलं. त्याच्या तोंडावर हसू होतं. कित्येक वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

"पोरी, आईला जरा मदत कर," मी आम्रपालीला आत पिटाळलं. मग दादासमोर स्टूल ओढून बसले. "तुझ्या मनात काय आहे?"

"काही नाही गो. उद्या गुंगी देतील ना. तेव्हा जरा बघून येईन म्हणतो."

"आणि परत?"

त्याने फोन मांडीवर उलटा ठेवला. लहानपणी रागावले की मी त्याचा दंड धरून हलवायचे, तसाच धरला. "मेल्या, तुझ्या बायकोने काय करायचं? पोरीने काय करायचं? आणि राज्य तुझ्यावर होतं म्हणून चव्वेचाळीस वर्षं तू कुढतोयस, पण सांगितलं कुणी? मी! शोधू नको असं मी सांगितलं. पाप माझं आहे, तू कशाला उचलतोस?"

"तू सांगितलंस," दादा शांतपणे म्हणाला. "पण पाय माझे होते. जाता आलं असतं."

मी रडले. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, त्रेपन्न वर्षांची घोडी, हमसून हमसून रडले. तो माझ्या केसांवरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, "घावणे गार होतील." त्या दिवशी पुढे कुणीच डाव खेळला नाही.

६

सोमवारी सव्वाआठला आम्ही इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसलो होतो. दादाला हिरवा झगा घातला होता. वहिनी फॉर्मवर सह्या करत होती. पहाटे दादाने कालचा अर्धवट डाव पुढे सुरू केला होता आणि आम्हीही खेळत आलो होतो. आम्रपालीची सोंगटी धक्क्यावर पोचली होती. दादाची आणि माझी अधल्यामधल्या घरावर होती, धक्क्यापासून दोन घरं आणि चिऱ्यांपासूनही दोन. बाकी सगळीकडे निळं पाणी. एकेकच पाळी उरली होती, आणि त्याच्या फोनवर आलं, 'तुमची पाळी'.

नर्स म्हणाली, "काका, मोबाईल नातेवाईकांकडे द्या."

दादा फोन माझ्याकडे देईना. अंगठा पडद्यावर, चिऱ्यांच्या बाजूला. माझ्या जिभेवर नेहमीचा हुकूम आला होता, गुपचूप धक्क्यावर जा. तो मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला असेल.

"दादा," मी म्हणाले, "एक विचारू? ऐकायलाच पाहिजे असं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी आजवर त्याला कधी विचारलंच नव्हतं, नेहमी सांगितलं होतं.

"तू पोरीजवळ जा. त्याला आणायला मला जाऊ दे. अडवलं मी होतं ना? मग जायचंही मीच."

नर्सने घड्याळ बघितलं. मग त्याने अंगठा फिरवला आणि लाल सोंगटी दोन घरं सरकून धक्क्यावर गेली.

"नीट हात धर त्याचा," तो म्हणाला. "धावत सुटतो तो."

त्याला आत नेलं. दाराच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटून थांबल्या. मी माझी निळी सोंगटी उचलली आणि चिऱ्यांवर नेऊन ठेवली. थप्पीच्या सावलीत पिवळी आणि निळी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शेवटची भरती आली. तो चौकोन हळूहळू निळा झाला आणि गेला.

मी 'तुम्ही सगळे हरलात' याची वाट बघत होते. नियमाप्रमाणे तेच यायला हवं होतं. पण आलं ते, 'सगळे परतले'. धक्क्यावर तीन सोंगट्या होत्या. लाल, हिरवी, आणि निम्म्या उंचीची एक निळी. आणि लांब, पाण्यात, जिथे चौकोन होता तिथे एक मोठी सोंगटी एकटीच उभी होती. ती पिवळी होती.

खाली नावं आली. महेंद्र. आम्रपाली. बाळा.

ते नाव खेळात कुणी लिहिलं नव्हतं. आम्रपालीला तर ते माहीतच नव्हतं. मी फोन तिच्यापुढे धरला, "हे बघ गो," म्हणाले. तिने वर बघितलंच नाही.

७

काळजीत आहे पोरगी, मला वाटलं. दहाच्या सुमाराला ती खालून चहा घेऊन आली. दोन कप. एक वहिनीला दिला, एक स्वतः घेतला आणि माझ्या शेजारी बसून फुंकर घालायला लागली.

"मला नको का?" मी म्हटलं. ती फुंकर घालत राहिली.

वहिनीला माहेरून फोन आला. "हो, नेलंय आत. नाही, मी आणि आम्रपालीच आहोत. दोघीच." मी तिच्यासमोर तीन फुटांवर होते. रात्रभर जागलेलं माणूस काहीही बोलतं, मी मनाला सांगितलं. आप्पांची मुलगी आहेस, तपास. म्हणून उठून वरच्या मजल्याच्या जिन्याकडे गेले. तिथे रखवालदार पास बघितल्याशिवाय माशीलासुद्धा सोडत नव्हता, मागच्या म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होता. मी पासाशिवाय त्याच्या नाकासमोरून वर गेले आणि खाली आले. परत वर गेले. त्याने मान वळवली नाही. मी मुद्दाम माईकवरच्या आवाजात ओरडले, "देवरूख गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे!" म्हाताऱ्याने जांभई दिली.

मग मात्र मी तपास थांबवला. मी बाकाच्या टोकाशी जाऊन बसले.

खरं सांगते, मला राग आला नाही. कुणी वाईट वागत नव्हतं, कुणी माझ्यावर रुसलं नव्हतं. आम्रपाली मधेच हात पसरून बसली तेव्हा तिचा दंड माझ्या दंडाला लागला आणि तो उबदार होता. फक्त माझी गणती नव्हती. त्यालाही असंच वाटलं असेल का, हा एकच विचार डोक्यात होता. सगळे प्रेमाने वागतात, खेळायला घेतात, गालगुच्चा घेतात, आणि आकडा मोजताना तुला सोडून देतात. मी पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाले, "बाळा, चुकले रे मी." बाकावर माझ्या डाव्या बाजूला जागा रिकामी होती. तिकडे बघायचं मी टाळलं.

८

साडेबाराला डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, ठीक आहे, आता शुद्धीवर येऊ दे. दोन वाजता दादाला खोलीत आणलं. वहिनी आणि आम्रपाली आत गेल्या, मी दारात उभी राहिले. पडदा अर्धा ओढलेला, सलाईन थेंब थेंब पडतंय, कुठेतरी स्टीलचं भांडं घासल्याचा आवाज. दादाच्या पापण्या हलत होत्या आणि पुन्हा मिटत होत्या. नर्स त्याच्या गालावर चापट्या मारून हाका मारत होती. तिसऱ्या हाकेला त्याने डोळे उघडले. मी चौकट धरली.

"सगळे आले?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हो बाबा. मी आहे, आई आहे."

"सीता?"

आम्रपालीच्या कपाळाला आठ्या पडल्या, एखादं नाव ओठांवर येऊन अडावं तशा. वहिनीनेही इकडे तिकडे बघितलं. "बाबा, तुम्ही आता बोलू नका," आम्रपाली म्हणाली.

दादाने मान उचलली. नर्स दाबायला आली तरी उचलली. "शोध तिला."

"बाबा..."

"आधी शोध! सगळं सोड आणि तिला शोध!"

आम्रपाली धावत बाहेर आली, माझ्या अंगाला घासून गेली. "आत्या!" ती पॅसेजमध्ये ओरडली. "आत्या गो!" जिन्यावरून तिच्या चपलांचा फटफट आवाज खाली गेला. रखवालदाराला विचारलं, चहावाल्याला विचारलं, परत वर आली. "आत्या! कुठेयस गो तू?" आता तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

मी दारातच उभी होते. आणि ऐकत होते. काय सांगू, किती गोड वाटलं ते! आपलं नाव घेऊन कुणीतरी जिने चढतंय, उतरतंय, आपण सापडत नाही म्हणून कुणाचातरी जीव कासावीस होतोय. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ओ द्यायला तोंड उघडलं, पण घशातून हवासुद्धा येईना. आम्रपाली वळली आणि पुन्हा जिन्याकडे निघाली. ती आता लांब जाणार, आणि मग दमणार, आणि मग थांबणार, हे मला कळलं आणि मी घाबरले. इतकी मी कधीच घाबरले नव्हते.

तेवढ्यात माझ्या कमरेपाशी, डाव्या बाजूला, कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "ओ!"

आम्रपाली गर्रकन फिरली. तिने सरळ माझ्याकडे बघितलं आणि धावत येऊन मला मिठी मारली. "इथेच होतीस होय? काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबांनी जीव काढला माझा." ती रडत होती, हसत होती, माझ्या पदराला नाक पुसत होती. मग मिठी सोडताना तिची नजर खाली गेली, माझ्या पदराच्या मागे. लाजऱ्या पोराला बघून आपण करतो तसा चेहरा तिने केला, डोळे मोठे, भुवया वर.

"आणि हा कुणाचा गो?" तिने विचारलं.

माझ्या डाव्या हातात काहीतरी होतं. बारीक, थंड, आणि चिऱ्याच्या धुळीसारखं खरबरीत. खाली बघायचा धीर मला झाला नाही, पण मूठ मी घट्ट केली.

"आपलाच," मी म्हणाले, आणि आम्ही तिघं दादाकडे आत गेलो.